अंगठीखालचा बेदाणा

मार्च संपत आला होता आणि तासगावला वहिनींच्या शेडवर बेदाण्याची गडबड चालली होती. मी चहाला टेकलो तोच वहिनींनी डावा हात माझ्यापुढे धरला. "भावजी, हे बघा की. सोनं लाभेना झालंय मला."

अनामिकेवर अंगठीच्या रुंदीएवढाच लालसर पट्टा उठला होता. कातडी चकचकीत आणि ताणलेली, कडेला कोंड्यासारखे पापुद्रे, आणि तळहाताच्या बाजूला केसाएवढी बारीक चीर. अंगठी लग्नातली, चोवीस वर्षं बोटातून न निघालेली. ती आता कोयरीत जाऊन बसली होती. शेजारणीनं गुरू बिघडल्याचं निदान केलं होतं. मेडिकलवाल्यानं "नायटा असंल" म्हणून एक ट्यूब दिली होती.

त्याच आठवड्यात सांगलीला बीएस्सी करणारी माझी पुतणी सुट्टीला आली, तीही बोट खाजवतच. मैत्रिणीच्या लग्नासाठी तिनं एक ग्रॅमवाली अंगठी घेतली होती, पिवळीधमक आणि नाजूक. तिच्या बोटावर मात्र पट्टा नव्हता. बारीक पाण्याचे फोड आले होते, खाज रात्रीची झोप मोडत होती आणि पुरळ शेजारच्या बोटावर सरकलं होतं. वहिनींनी लगेच निकाल लावला, "आमच्या घराण्यालाच सोनं मानवत नाही."

घर एक, बोटं दोन, पण दुखणीही दोन. बाहेरून ती सारखी दिसतात आणि सगळा घोटाळा तिथंच होतो.

आधी वहिनींचं बोट. मी कोयरीतली अंगठी मागून घेतली. आतल्या बाजूला ९१६ चा शिक्का होता, म्हणजे बावीस कॅरेट. हजारात ९१६ भाग सोनं आणि उरलेले ८४ भाग बहुतेक तांबं-चांदीचे. त्यातलं काहीच सहसा कातडीच्या वाटेला जात नाही. पण अंगठी उलटी केली तेव्हा नक्षीच्या मागच्या जाळीत काहीतरी दिसलं. जुन्या टूथब्रशनं कोमट पाण्यात घासलं तर जाळीच्या भोकाभोकांतून पिवळट-पांढरी पुटं निघाली. त्यात वाळलेली कणीक होती, भांड्याचा साबण होता आणि बोटाला लावलेल्या तेलाचा चिकट मळ. वहिनी म्हणाल्या, "अगं बाई! देवाच्या पूजेला हाच हात लावतेय मी."

कातडीचा अगदी वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची वीट-बांधणी, आणि त्या विटांमधला चुना म्हणजे शरीरानंच बनवलेली चरबी. आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवायचं काम ही चरबी करते. निरोगी कातडीचा वरचा थर किंचित आंबट असतो, पीएच ५ च्या आसपास (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी). अंगाचा साबण ९-१० पीएचचा, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी. हात धुतला की थोडी चरबी जाते, आंबटपणाही जातो, पण उघडी कातडी वाळते आणि काही तासांत स्वतःला सावरते. अंगठीखालच्या कातडीला मात्र ती सवडच मिळत नाही. साबणाचं पाणी तिथं अडकून राहतं. भिजून फुगलेली कातडी घासली जाते, आणि ती वाळायच्या आत पुढची भांडी येऊन पडतात.

वहिनींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, ती शेडच्या दारातच टाकीत भरलेली होती. द्राक्षं वाळत घालण्याआधी ज्या द्रावणात बुडवतात, त्यात लिटरला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल असतं. हे कशासाठी, ते तासगावात पोराटोरांना ठाऊक आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पांढुरका थर असतो आणि तो आतलं पाणी धरून ठेवतो. द्रावणानं त्या मेणाची घडी मोडते, पाणी पटापट बाहेर पडतं आणि मणी लवकर सुकतो. द्रावणात न बुडवताच वाळत घातलं तर मेणाचा थर मणी लवकर सुकू देत नाही, महिना महिना बसावं लागतं.

आता हेच द्रावण अंगठीखाली गेलं तर? कातडीवरची चरबी आणि द्राक्षावरचं मेण हे एकाच कामाचे दोन पहारेकरी. द्रावणाला त्यांच्यातला फरक कळत नाही. वहिनी हंगामभर क्रेट बुडवत होत्या. हातमोजे टोचतात म्हणून घालत नव्हत्या आणि अंगठी तर काढायचीच नाही. म्हणजे द्राक्षांबरोबर त्यांनी आपल्या अनामिकेचाही तेवढ्याच एका पट्ट्यात बेदाणा केला होता. हे मी सांगितलं तेव्हा शेडवरच्या बायका खो-खो हसल्या. मग दोघीतिघींनी हळूच स्वतःच्या अंगठ्या सरकवून खाली बघितलं.

या प्रकारात ॲलर्जी नसते. कुणाच्याही बोटाला पुरेसा साबण आणि पुरेसा वेळ दिला की हे होणारच. डॉक्टर याला क्षोभामुळे होणारा त्वचादाह म्हणतात. पट्टा अंगठीच्या हद्दीतच राहतो, खाजेपेक्षा आग आणि चुरचुर जास्त असते, आणि अंगठी काढून हात कोरडा ठेवला की उतार पडतो. बाळंतपणानंतर हे वाढलेलं दिसतं तेही त्यामुळेच. बाळाचे कपडे आणि दुपटी धुण्यात दिवसाला कितीदा हात भिजतो, कोण मोजतं?

पुतणीचं दुखणं मात्र धातूचंच होतं. त्यासाठी तिच्या अंगठीच्या पोटात शिरावं लागतं. 'एक ग्रॅम' म्हणजे आत पितळ नाहीतर तांब्याचा गाभा, वर सोन्याचा मुलामा. मुलामा चकाकावा आणि खालचं तांबं सोन्यात मिसळून डाग पडू नयेत, म्हणून या दोहोंमध्ये पुष्कळदा निकेलचा थर देतात. सोन्याचा पापुद्रा इतका पातळ असतो की थोड्याशा घासाघाशीत तो झिजतो. मग घाम निकेलपर्यंत पोचतो. घामातलं मीठ निकेलला थोडं थोडं खातं, त्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले बारीक कण, सुटतात आणि ते कातडीत मुरतात. उन्हाळ्यातली सांगली आणि घामेजलेलं बोट म्हणजे या कामासाठी तयार भट्टीच.

निकेलचे आयन इतके बारीक असतात की शरीराची पहारा-यंत्रणा एरवी त्यांची दखलही घेत नाही. पण ते कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि ती प्रथिनं परकी वाटू लागतात. २०१० साली संशोधकांनी दाखवलं की निकेल माणसाच्या पेशींवरच्या टीएलआर४ नावाच्या प्रथिनाला थेट जाऊन धरतं. हे प्रथिन खरं तर जीवाणूंची चाहूल लागावी म्हणून असतं. त्यातल्या ज्या जागांना निकेल चिकटतं, त्या उंदराच्या टीएलआर४ मध्ये नाहीत. म्हणूनच उंदरावर हा आजार उभा करायला प्रयोगशाळेत इतके कष्ट पडत होते. आपल्यात मात्र निकेल आलं की जीवाणू घुसल्याचा खोटा भोंगा वाजतो. मग टी-पेशी, म्हणजे शत्रू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी, निकेलचा चेहरा पाठ करतात, आणि एकदा पाठ झालेला तो चेहरा सहसा जन्मभर विसरत नाहीत.

पहिल्या भेटीत पाठांतर होतं आणि अंगावर काहीच उठत नाही. पुढच्या कुठल्याही भेटीत पुरळ येतं, पण तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. या उशिरामुळे भलताच बळी जातो. पुतणीनं रविवारी लग्नात अंगठी घातली, खाज मंगळवारी सुरू झाली, आणि मंगळवारी डब्यात वांगं होतं. वांग्याला शिव्या बसल्या. "अंगठी तर रविवारची, तेव्हा कुठं काय झालं?" असं ती विचारत होती.

मी तिला जीन्सच्या बटणाबद्दल विचारलं. ती गप्प झाली. बेंबीखाली रुपयाएवढा काळपट, खरखरीत डाग गेली दोन वर्षं होता आणि ती त्याला उन्हाळ्याचा म्हणत होती. घड्याळाचा बक्कल, मंगळसूत्राचा आकडा, चष्म्याची काडी, कानातलं यांच्या खालची कातडी बघितली की निकेलच्या ॲलर्जीची वंशावळ वाचता येते. सुरुवात बहुधा कानापासून होते, कारण टोचलेल्या ओल्या जखमेत निकेल सरळ आत उतरतं. सोनाराकडं सोन्याच्या तारेनं कान टोचायची आपली पद्धत या बाबतीत शहाणपणाची होती, हे कबूल करायला हरकत नाही.

अंगठीत निकेल आहे की नाही, हे घरी कसं ओळखायचं? चुंबक लावून नाही. सराफ कट्ट्यावर चुंबक फिरवतात तो लोखंडासाठी. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतं खरं, पण तांब्यात मिसळलं की चुंबक त्याला ओळखत नाही. पुतणी रसायनशास्त्राची, त्यामुळे मला फार सांगावं लागलं नाही. कॉलेजच्या प्रयोगात निकेलचा लालभडक साका पाडायला वापरतात तेच डायमिथिलग्लायॉक्झाइम. लेव चुगायेव या रशियन रसायनशास्त्रज्ञानं १९०५ साली ही खूण शोधली. सुट्टी संपल्यावर सरांची परवानगी काढून तिनं कापसाच्या बोळ्यावर या द्रावणाचे दोन थेंब आणि अमोनियाचा एक थेंब घेतला, बोळा अंगठीच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट घासला आणि मला फोटो पाठवला. बोळ्यावर गुलाल पडल्यासारखं दिसत होतं. आईची सोन्याची अंगठीही तिनं नेली होती. तिचा बोळा पांढराच राहिला.

'जर्मन सिल्व्हर' या नावावर माझा जुना राग आहे. त्यात चांदी औषधालाही नसते, असतं ते तांबं, जस्त आणि निकेल. वीस रुपयांच्या नाण्याची बाहेरची कडी याच जातीची, तिच्यात निकेल शंभरात २० भाग. नाणं क्षणभर हातात घेतल्यानं काही बिघडत नाही, पण याच मिश्रधातूचं जोडवं महिनोन्महिने बोटात राहतं. याउलट 'सर्जिकल' म्हणून दागिन्यांत वापरतात त्या चांगल्या स्टीलमध्ये दहा-बारा टक्के निकेल असूनही ते फारसा त्रास देत नाही, कारण वरची क्रोमियम ऑक्साइडची साय निकेलला बाहेर सोडत नाही. म्हणजे धातूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून सुटतं किती, हे बघायचं. युरोपनं १९९४ साली नियम केला तो नेमका याच हिशेबानं. कातडीला सतत लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागं अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये.

वहिनींचे थोरले बंधू विट्याचे, जन्म गलाईत गेला. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं देशभर विखुरली आहेत. गावोगावचं मोडीचं सोनं-चांदी आटवून, तेजाबात घालून शुद्ध करणारी ही माणसं. ते म्हणाले, "पाव्हणं, बावीस कॅरेटात भीती न्हाय. पांढरं सोनं म्हणून जे खपतं न्हवं, तिथं इचारून घ्या." बरोबरच आहे. पिवळ्या सोन्याला पांढरं करायचं तर निकेल नाहीतर पॅलेडियम घालावं लागतं. ७५० चा हॉलमार्क सोनं किती ते सांगतो, उरलेल्या २५० भागांत काय आहे ते सांगत नाही. वरून दिलेला ऱ्होडियमचा मुलामा दोन-चार वर्षांत झिजला की आतला पाहुणा कातडीला भेटतो. लग्नाच्या अंगठ्या घेणाऱ्या जोडप्यांनी पॅलेडियमच्या मागायला लाजू नये. महाग पडेल, पण त्वचारोगतज्ज्ञाच्या फेऱ्यांहून स्वस्त.

तांब्याच्या अंगठीखाली बोट हिरवं होतं आणि चांदीखाली काळं, तो नुसता धातूचा क्षार आहे, धुतला की जातो. शनीसाठी घातलेल्या नालेच्या अंगठीखाली गंज साठतो. शनी त्यात किती लक्ष घालतो, मला ठाऊक नाही.

आता त्या ट्यूबकडे वळू. अंगठीखालचं पुरळ गोल फिरतं म्हणून नायटा वाटतं, आणि दुकानातून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबांत जोरकस स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक यांची भेळ असते. दोन दिवस झकास वाटतं, मग कातडी पातळ पडते, आणि खरंच नायटा असेल तर तो दबून आतल्या आत पसरतो. वहिनींना मी ट्यूब बंद करायला सांगितलं. अंगठी बाहेर, हात धुतला की बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसायचा, वर साधं व्हॅसलीन, आणि शेडवर आत सुती व बाहेर रबरी असे दोन हातमोजे. लिंबू चोळायचं नाही, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की काळे चट्टे उठतात. हळदीचा लेपही नको म्हटलं तेव्हा त्या दुखावल्या, कारण सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय आणि मी तिच्याच विरोधात बोलतोय. पण फुटलेल्या कातडीवर हळदीचीही ॲलर्जी होऊ शकते, क्वचित का होईना.

पुतणीला मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडं पाठवलं. पाणी वाहत असेल, पू असेल, पुरळ पसरत असेल किंवा अंगठी काढून दोन आठवड्यांत उतार नसेल तर घरगुती उपाय बास. रात्री खाज आणि घरातल्या सगळ्यांनाच खाज असेल तर ती खरूज, तिचा अंगठीशी संबंध नाही. डॉक्टरांनी आधी पुरळ शमवलं, मग तिच्या पाठीवर पॅच टेस्ट लावली. व्हॅसलीनमध्ये ५ टक्के निकेल सल्फेट, दोन दिवस चिकटपट्टीखाली, पाठ भिजवायची नाही. ही कल्पना जर्मन डॉक्टर योझेफ याडासोन यांची, १८९५ सालची, आणि मूळ रीत अजून तीच आहे. दोन दिवसांनी पट्टी काढली, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. निकेलच्या चौकोनाखाली लाल उठाव होता. तिनं जीन्सच्या बटणामागं जाड कापडाची पट्टी शिवून घेतली आणि एक ग्रॅमवाली अंगठी प्रयोगशाळेला देऊन टाकली, पुढच्या वर्गाला निकेल दाखवायला.

वहिनींचं बोट महिन्याभरात निवळलं. लाली आधी जाते, पण खालची वीट-बांधणी नीट व्हायला आणखी काही आठवडे लागतात, म्हणून जूनपर्यंत कामाला जाताना अंगठी पदराच्या गाठीत, असं ठरलं. मेमध्ये एकदा ती गाठ सोडायची राहिली आणि साडी तशीच पावडरमध्ये भिजत पडली. अंगठी रात्रभर साबणाच्या पाण्यात होती. सकाळी घर शोधून झाल्यावर बादलीत सापडली. वहिनींनी ती नळाखाली धरली, जाळीतून ब्रश फिरवला, कोरडी केली आणि बोटात घालून संध्याकाळी मला फोन लावला.

"भावजी, काही झालं नाही हो."