हॅचबॅकसाठी लोअरिंग स्प्रिंग आणि शॉकअप

हॅचबॅक गाडी कंपनीच्या उंचीपेक्षा साधारण 25 ते 40 मिमी खाली घ्यायला ज्या आखूड आणि कडक स्प्रिंगा टाकतात त्या लोअरिंग स्प्रिंगा, आणि स्प्रिंगची उसळी आवरायचं काम शॉकअपचं, म्हणजे डँपरचं. सोलापुरात पोरं आधी स्प्रिंग घेतात आणि शॉकअप जुनेच ठेवतात, माझ्या मते आधी शॉकअप ठरवावा आणि मग त्याला शोभेल ती स्प्रिंग बघावी.

कारण गाडी 30 मिमी खाली आली की शॉकअपचा रॉडपण आत जाऊन बसतो, दबायला जागा कमी उरते आणि खड्ड्यात बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, धाडकन आपटतं, म्हणून तर ही स्प्रिंग कडक करतात, पण कडक स्प्रिंग सुटतानाही जोरात सुटते आणि तिला धरायला रिबाउंड, म्हणजे स्प्रिंग सुटताना शॉकअपनं केलेला विरोध, जास्त लागतो. हिशोब वर्गमुळाचा आहे, स्प्रिंग 30 टक्के कडक तर डँपिंग साधारण 14 टक्के जास्त. तेल गळालेल्या शॉकअपला हे झेपत नाही, तुळजापूरच्या घाटात गाडी डोलत राहते. शॉकअप बनवणाऱ्या बिलस्टीन कंपनीचा बी6 स्टँडर्ड उंचीसाठी असतो, बी8 खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड केलेला.

लई खाली घेऊ नये. पुढं मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात) असला की खालचा आर्म चाकाकडं वर चढतो, रोल सेंटर, म्हणजे वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो आणि वळणात गाडी उलट जास्त कलायला बघते! शिवाय स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 163 मिमी, त्यातले 40 गेले आणि घरचे पाच जण बसून अक्कलकोटला निघाले की इंजिनाखालचं तेलाचं चेंबर आणि स्पीड ब्रेकर यांच्यात काय उरतं बघा. नियमाचा ब्रेकर 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, गल्लीतले अरुंद आणि उभे असतात.

स्प्रिंग कापून घेणं तर नकोच, कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीवर नीट बसत नाही आणि चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून सरकते. गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पण आहे, आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारावं.

बसवल्यावर अलाइनमेंट लागतंच, मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा) असेल तर तिथं ॲडजस्टमेंट बहुतेक नसते. आणि आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच टाइट करायला सांगा, जॅकवर लटकत्या चाकाला टाइट केले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.