इब्न बतूता

इब्न बतूता : (२५ फेब्रुवारी १३०४ – सु. १३६९). मोरोक्कोचा मध्ययुगीन प्रवासी आणि इस्लामी कायद्याचा जाणकार. पूर्ण नाव अबू अब्दुल्ला मुहम्मद. जन्म तँजिअर येथे, लवाता या बर्बर जमातीच्या घराण्यात. घरात काजीपणाची (न्यायाधीशपदाची) परंपरा होती आणि त्याचे शिक्षणही मालिकी या सुन्नी पंथाच्या कायद्याचेच झाले. त्याच्या सगळ्या भटकंतीचे भांडवल हेच शिक्षण होते.

१४ जून १३२५ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हज यात्रेसाठी एकटाच घराबाहेर पडला. आईवडील हयात होते आणि त्यांचा वियोग फार जड गेला, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. ईजिप्त, दमास्कस करत १३२६ मध्ये तो मक्केला पोहोचला. यात्रा पुरी झाली, पण पाय घराकडे वळले नाहीत. इराक, इराण, पूर्व आफ्रिकेतील मोगादिशू आणि किल्वा, आनातोलिया, व्होल्गाकाठचे मंगोल राज्य, कॉन्स्टँटिनोपल, मग मध्य आशिया आणि हिंदुकुश ओलांडून १३३३ मध्ये तो सिंधू नदीवर आला. वाटेत काफिल्यांची सोबत असे, मुक्कामाला खानका (सुफी मठ) आणि मदरसे असत. अरबी जाणणाऱ्या फकीहाला (धर्मशास्त्राच्या पंडिताला) त्या काळी कुठल्याही मुस्लिम दरबारात मान, वस्त्रे आणि घोडा मिळे. जवळपास तीस वर्षांत त्याने सुमारे १,१७,००० किमी. प्रवास केला असा अंदाज आहे.

दिल्लीत मुहम्मद तुघलकाने त्याला वर्षाला १२,००० दिनारांवर काजी नेमले. आपण मालिकी, येथले लोक हनफी या दुसऱ्या पंथाचे आणि आपल्याला येथली भाषाही येत नाही, अशी अडचण त्याने मांडली, तेव्हा सुलतानाने हाताखाली दोन नायब दिले. या सुलतानाचे त्याने काढलेले चित्र इतिहासकारांना आजही उपयोगी पडते. देणग्यांची खैरात आणि राजवाड्याच्या दारात पडलेली प्रेते, दोन्ही त्याने सारख्याच स्पष्टपणे नोंदवली आहेत. सुलतानाची मर्जी गेलेल्या एका शेखला भेटल्यामुळे तो स्वतःही पहाऱ्यात अडकला होता. त्यातून थोडक्यात वाचला.

डाकेचे त्याचे वर्णन तर डोळ्यांपुढे उभे राहते. मैलाच्या दर तिसऱ्या हिश्शावर चौकी आणि तिथे कंबर कसून बसलेली माणसे. हरकाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची, टोकाला तांब्याची घुंगरे लावलेली काठी. घुंगरांचा आवाज कानी येताच पुढचा गडी उठून तयार होई. सिंधहून दिल्लीला यायला प्रवाशाला ५० दिवस लागत, डाकेची बातमी पाच दिवसांत पोहोचे. सुलतान दौलताबादेत असला की त्याच्यासाठी गंगेचे पाणीही असेच पायी पळवत आणले जाई. आपल्याकडे घुंगुरकाठी हा शब्द टपालाशी जोडलेला आहे. तिचे इतके जुने आणि इतके जवळून केलेले वर्णन मराठी वाचकाने मुद्दाम वाचावे.

पुढे सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवले. या वाटेवर, सु. १३४२ मध्ये, तो महाराष्ट्रात आला. देवगिरीचे दौलताबाद होऊन पंधराएक वर्षे झाली होती आणि बहमनी राज्य स्थापन व्हायला अजून पाच वर्षे अवकाश होता. संत नामदेव परंपरेनुसार तेव्हा हयात होते. त्यांच्या जगाचा मात्र या पाहुण्याला पत्ता लागला नाही, कारण त्याची वाट सरदारांच्या आणि काजींच्या घरांतून जात होती.

दौलताबादेत त्याने किल्ल्यावर चढण्याची चामड्याची शिडी पाहिली, जी रात्री वर ओढून घेत. तेथील अंधारकोठडीत मांजरांहून मोठे उंदीर असल्याची हकिकत त्याला कैद भोगलेल्या एका अफगाण सरदाराने सांगितली. गावातले जवाहिरे फार श्रीमंत होते. द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येत. गायक आणि गायिकांची एक स्वतंत्र पेठ होती, तिचे नाव तरबाबाद. पेठेच्या मध्यभागी गालिचे अंथरलेला मंडप होता आणि दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गायकांचा मुख्य तिथे बसून एकेकाचे गाणे ऐके. सूर्यास्तापर्यंत हे चाले.

नंदुरबारविषयीचा मजकूर लहान असला तरी मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. गाव मराठ्यांचे, असे तो म्हणतो. त्यांत कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी. ब्राह्मण आणि क्षत्रिय हे त्यांतले प्रतिष्ठित. त्यांचे जेवण म्हणजे भात, भाज्या आणि तिळाचे तेल. जीव मारणे त्यांना आवडत नाही, जेवणाआधी अंग धुतात, दारू पीत नाहीत आणि सात पिढ्यांच्या आत सोयरीक करत नाहीत. अंघोळ, सोवळे आणि सपिंडाचा नियम परक्या माणसाने चौदाव्या शतकात इतका अचूक टिपावा, याचे नवल वाटते. काजी असल्यामुळे विवाहाचे आणि शुद्धीचे नियम त्याच्या नजरेत आधी भरत असावेत.

गुजरातेतील खंबायतच्या आखातातून तो समुद्रमार्गे गोव्याला आला. गोव्याला तो संदापूर म्हणतो: खाडीने वेढलेले बेट, ३६ गावे आणि दोन शहरे, एक जुने हिंदूंनी वसवलेले, दुसरे मुसलमानांनी. पुढे कर्नाटक किनाऱ्यावरील होन्नावरच्या सुलतानाने संदापूरवर स्वारी केली, तीत इब्न बतूता स्वतः सामील झाला. त्याच होन्नावरात त्याने मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा मोजल्या आणि असे दुसरीकडे कुठे पाहिले नसल्याचे सांगितले.

कालिकतला वकिलातीचा शेवट झाला. जुम्म्याच्या नमाजासाठी तो किनाऱ्यावर थांबला असताना वादळाने नजराण्याचे जहाज फोडले आणि दुसरे त्याचे सामान घेऊन निघून गेले. दिल्लीला परत जायची हिंमत झाली नाही. मग मालदीवमध्ये काजीपण, श्रीलंका, बंगाल, सुमात्रा आणि चीन. परतताना १३४८ मध्ये दमास्कसमध्ये त्याने महामारीचे थैमान पाहिले. वडील पंधरा वर्षांपूर्वीच वारल्याचेही तिथेच कळले. आई महामारीत गेली, तो तँजिअरला पोहोचण्याआधी. १३५२-५३ मध्ये सहारा ओलांडून तो पश्चिम आफ्रिकेतील मालीच्या राज्यातही जाऊन आला.

मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून त्याने आपली हकिकत इब्न जुझय या लेखनिकाला सांगितली. १३५५ मध्ये ती पूर्ण झाली. ‘रिहला’ म्हणजे प्रवासवृत्त या नावाने ती ओळखली जाते. तिच्यावर विसंबताना सावधपणा हवा. दमास्कस आणि मक्केच्या वर्णनात इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाचे उतारे घेतलेले आहेत, व्होल्गाकाठच्या बुल्गार शहराची सफर बहुधा घडलीच नाही आणि पेकिंगपर्यंत (आजचे बीजिंग) तो गेला यावरही अनेकांचा विश्वास नाही. शिवाय मलबार किनाऱ्याजवळ चाच्यांनी त्याला लुटले, अंगावर फक्त विजार उरली. बुखाऱ्यात थडग्यांवरून उतरवून घेतलेली टिपणेही त्या लुटीत गेली. म्हणजे नंदुरबारचे तिळाचे तेल आणि तरबाबादचा गुरुवारचा मंडप त्याने तेरा वर्षांनी, मोरोक्कोतील फेस शहरात बसून, बहुतांशी आठवणीतून सांगितला.