बायबलमधील भविष्यवाणी म्हणजे जगबुडीची तारीख नव्हे

‘बायबलमधील भविष्यवाणीत जगाच्या अंताची तारीख दडलेली आहे,’ अशा आशयाचा मजकूर सांगली-मिरजेकडच्या मोबाईलवर अधूनमधून फिरत असतो. श्रद्धेने वाचणाऱ्याला तो खरा वाटावा, यात नवल नाही. मात्र बायबलमधील मत्तय या पुस्तकाच्या 24व्या अध्यायातील 36व्या वचनात (मत्तय 24:36) तो दिवस व ती घटका पित्यावाचून, म्हणजे देवावाचून, कोणालाही ठाऊक नाही, असे येशूच सांगतो.

मग संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश सांगणारे, कशासाठी बोलत? योना या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पाहावा. चाळीस दिवसांत निनवे हे नगर उलथून पडेल, अशी घोषणा योना करतो, राजासह सारे गोणपाट नेसून पश्चात्ताप करतात आणि नगर वाचते. भाकीत म्हणून मोजले, तर हे चुकलेच. इशारा म्हणून पाहिले, तर त्याचे काम झाले. (खुद्द योनाला ते रुचले नाही, हा भाग वेगळा.)

आशेच्या वचनांचेही तसेच आहे. चांगल्या भविष्याची आशा देणारे म्हणून वारंवार पाठवले जाणारे यिर्मया 29:11 हे वचन यिर्मया या संदेष्ट्याने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान असलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातील असून, घरे बांधा, बागा लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा, असे सांगणाऱ्या त्याच पत्रात सुटकेला सत्तर वर्षे लागतील, हेही स्पष्ट केले आहे.

असा फॉरवर्ड आल्यास वचनाचा क्रमांक पाहून तो अध्याय आरंभापासून वाचावा. क्रमांकच नसेल, तर पाठवणाऱ्याकडे मागावा.