हॉब आणि ओव्हन घेण्यापूर्वी : पुणे परिसरातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नव्या सदनिकेचा ताबा मिळाल्यावर किंवा जुन्या स्वयंपाकघराचे काम काढल्यावर बहुतेक कुटुंबे आमच्याकडे प्रथम येतात ती मॉडेल पाहण्यासाठी. काळ्या काचेचा हॉब आणि भिंतीत बसवलेला ओव्हन दुकानाच्या उजेडात देखणा दिसतो, यात शंका नाही. मात्र घरी गेल्यावर त्याच हॉबवर रोजची कढई डुगडुगू लागली, किंवा ओव्हन लावताच एमसीबी (भार वाढला की वीज आपोआप तोडणारी कळ) पडू लागला, तर ते देखणेपण फारसे उपयोगाचे राहत नाही. म्हणून आमचा आग्रह असतो की निवडीची सुरुवात आपल्या स्वयंपाकघरापासून करावी. घरात गॅस कोणता येतो, रोज कोणती भांडी चुलीवर चढतात, ओटा कसा आहे आणि विजेचा मंजूर भार किती आहे, एवढे समजले की निम्मी मॉडेले आपोआप बाजूला पडतात आणि उरलेल्यांतून रंग, काच, किंमत यांनुसार निवडायला आपण मोकळे होता.

हॉब की शेगडी

शेगडी ओट्यावर ठेवली जाते, तर हॉब ओट्याचा दगड कापून त्यात उतरवला जातो आणि त्याची गॅसनळी व पेटवणीची वायर खालच्या कपाटातून येते. शेगडी हलवून खालचा ओटा धुता येतो, ती बिघडल्यास दुकानात नेता येते आणि घर बदलताना सोबत जाते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हॉबच्या मोहात पडू नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. स्वतःचे घर असेल आणि ओटा नव्याने घालायचा असेल, तर मात्र हॉबचे फायदे खरे आहेत. साधारण ८५ सें.मी. उंचीच्या ओट्यावर शेगडी ठेवली की भांड्याचा तळ आणखी १० ते १५ सें.मी. वर जातो आणि उंचीने कमी असलेल्या व्यक्तीला मोठ्या पातेल्यातले ढवळताना खांदा उचलावा लागतो. हॉबमध्ये हा फरक निम्म्याहून कमी होतो. रोज दोन-दोन तास उभे राहून स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या खांद्यांचा विचार घरातल्या इतरांनीही करावा, म्हणून ओट्याची उंची ठरवताना प्रत्यक्ष स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला सोबत आणावे, ही आमची विनंती आहे.

सिलिंडरचा गॅस आणि पाइपचा गॅस

पुणे व पिंपरी-चिंचवडच्या अनेक सोसायट्यांत आता पाइपने नैसर्गिक वायू येतो, तर कित्येक ठिकाणी अजून १४.२ किलोचा सिलिंडरच आहे. हे दोन वायू वेगळे असून एकासाठी जुळवलेला बर्नर दुसऱ्यावर तसाच चालत नाही. घरगुती एलपीजी सुमारे ३० मिलिबार दाबाने येतो, तर पाइपचा वायू सुमारे २१ मिलिबार दाबाने. शिवाय तितक्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूत एलपीजीपेक्षा बरीच कमी उष्णता असते. त्यामुळे नैसर्गिक वायूच्या जेटचे, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाचे, भोक मोठे ठेवावे लागते. एलपीजीचा हॉब जेट न बदलता पाइपला जोडला तर ज्योत मलूल राहते आणि डाळ शिजायला वेळ लागतो. उलट पाइपच्या वायूचे जेट असलेला हॉब सिलिंडरला जोडला तर ज्योत मोठी, पिवळी आणि काजळी धरणारी होते, आणि हे धोक्याचे असते. बहुतेक हॉब एलपीजीसाठी जुळवूनच येतात. म्हणून नोंदणी करतानाच आपल्याकडे कोणता गॅस आहे, तसेच सोसायटीत पाइपलाइन येऊ घातली आहे का, हे आम्हांला सांगावे. जेट बदलण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात ठेवणार असाल तर त्या कपाटाच्या दारांना तळाशी जाळी किंवा फटी असणे आवश्यक आहे. ट्रॉली करणारे कारागीर सफाईदार दिसावे म्हणून ही जागा बंद करतात, तेव्हा ते काम चालू असतानाच त्यांना सांगावे. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो, म्हणून तिथे खिडकी किंवा वरच्या बाजूचा पंखा महत्त्वाचा ठरतो. रबरी नळी बीआयएस प्रमाणित, म्हणजे नारिंगी रंगाची सुरक्षा नळीच असावी आणि ती दर पाच वर्षांनी बदलावी.

बर्नर किती आणि केवढे

चार बर्नर हवेत, असे ग्राहक जवळजवळ नेहमी म्हणतात. आमचे मत असे की चौघा-पाचजणांच्या कुटुंबाला रुंद हॉबवरचे तीन बर्नर अरुंद हॉबवरच्या चारांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. याची खात्री आपण घरी टेप घेऊन करू शकता. भाकरीचा तवा ३० सें.मी. व्यासाचा आणि शेजारचा कुकर २४ सें.मी. व्यासाचा धरला, तर ते एकमेकांना टेकूनच उभे राहायलाही दोन बर्नरच्या मध्यबिंदूंमध्ये २७ सें.मी. अंतर लागते, आणि हात फिरवायचा तर आणखी हवे. ६० सें.मी. रुंदीच्या चार बर्नरच्या हॉबवर हे अंतर अनेकदा मिळत नाही. परिणामी चौथ्या बर्नरवर चहाचे भांडे तेवढे राहते किंवा तो रिकामाच राहतो. म्हणून दुकानात येताना आपल्या सर्वांत मोठ्या तीन भांड्यांची मापे लिहून आणावीत. आम्ही तीच मापे हॉबवर आखून दाखवतो.

बर्नरचे आकारही आपल्या स्वयंपाकाशी जुळले पाहिजेत. फोडणीची लहान कढई आणि चहा यांसाठी सुमारे १ किलोवॉटचा लहान बर्नर लागतो. मोठ्या बर्नरवर लहान भांडे ठेवले की ज्योत बाजूंनी बाहेर जाऊन दांडे तापतात आणि गॅस वाया जातो. पुरणपोळीचा मोठा तवा, सणावाराचे पातेले किंवा तळणीची कढई यांसाठी ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठा, दोन-तीन कड्यांचा बर्नर असावा. तो शक्यतो टोकाला किंवा मध्यभागी मोकळ्या जागेत असलेले मॉडेल निवडावे. बर्नर पितळी घ्यावा, कारण तो उष्णता सोसतो आणि त्याची भोके लवकर झिजत नाहीत. एलपीजीच्या शेगड्यांसाठीच्या भारतीय मानकात किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमता अपेक्षित आहे; तेव्हा आयएसआय चिन्ह पाहिल्याशिवाय खरेदी करू नये, मग ती आमच्याकडून असो वा अन्य कुठून.

एका सोयीसाठी मात्र थोडे अधिक पैसे जरूर खर्च करावेत, असे आम्ही प्रत्येकाला सांगतो. दूध उतू जाऊन ज्योत विझली तरी साध्या शेगडीत गॅस बाहेर येतच राहतो. ज्या हॉबमध्ये ज्योत विझताच गॅस बंद करणारी झडप असते, त्यात बर्नरजवळची एक बारीक संवेदक कांडी थंड पडताच गॅसचा मार्ग बंद होतो. अशा हॉबचे बटण पेटवताना काही सेकंद दाबून धरावे लागते, आणि पहिल्या आठवड्यात ‘हॉब पेटत नाही’ अशी जी तक्रार येते ती बहुधा याचमुळे असते. घरात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील, तर या झडपेशिवाय हॉब घेऊ नये.

हॉबची काच टफन केलेली आणि ८ मि.मी. जाडीची असावी. तापलेल्या काचेवर गार पाणी पडणे, जड भांडे आपटणे आणि मोठ्या भांड्यामुळे ज्योत खाली दाबली जाऊन काच भाजणे ही ती फुटण्याची नेहमीची कारणे आहेत. काच पुसायची ती गार झाल्यावरच.

इंडक्शनचा विचार करताना

इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह जातो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळच तापतो. सुमारे ८५ टक्के ऊर्जा भांड्यात उतरते, स्वयंपाकघर तापत नाही आणि दूध तापवणे, भात, कुकर, चहा ही कामे झटपट होतात. परंतु भांड्याच्या तळाला चुंबक घट्ट चिकटला पाहिजे. फ्रिजवरचा चुंबक घेऊन आपल्या मांडणीवरून एकदा फिरवावा: लोखंडी आणि बिडाचे तवे उत्तीर्ण होतील, स्टीलच्या काही भांड्यांना तो चिकटेल व काहींना चिकटणार नाही, आणि ॲल्युमिनियमचे मोदकपात्र, साध्या तळाचा हिंडालियमचा कुकर, पितळी पातेली व तांब्याचा तळ असलेली भांडी बाजूला ठेवावी लागतील. बिडाचा तवा चालत असला तरी त्याचा तळ खरबरीत असल्यामुळे तो काचेवर सरकवू नये, आणि सुरुवातीला मंद आचेवरच तापवावा.

याहून महत्त्वाचा प्रश्न आपल्या खाण्याचा आहे. भाकरी शेवटी जाळावर फुगवायची, भरताचे वांगे सालीसकट भाजायचे, पापड विस्तवावर शेकायचा, ही कामे ज्योतीशिवाय होत नाहीत. गोल बुडाची कढईही सपाट इंडक्शनवर नीट तापत नाही. त्यामुळे महाराष्ट्रीय स्वयंपाक रोज होणाऱ्या घरासाठी संपूर्ण इंडक्शन हॉब आम्ही सहसा सुचवत नाही. गॅसचा तीन बर्नरचा हॉब आणि सोबत २००० वॉटची एक सुटी इंडक्शन शेगडी, किंवा दोन गॅस बर्नर व दोन इंडक्शन असा मिश्र हॉब, ही जोडी अधिक निभावते. सिलिंडर मध्येच संपला तर इंडक्शन कामी येते आणि वीज गेली तर गॅस.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा, आणि तो अवघड नाही. १४.२ किलो एलपीजीत ढोबळमानाने १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या बर्नरवर त्यातली सुमारे १२० ते १२५ युनिटइतकी भांड्यापर्यंत पोहोचते. तेवढेच काम इंडक्शनवर करण्यासाठी साधारण १४० ते १५० युनिट वीज लागते. आपल्या बिलावरचा प्रतियुनिट दर याला गुणून सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहावा. महावितरणचे घरगुती दर वापर वाढेल तसे टप्प्याटप्प्याने चढतात. इंडक्शनची जादा युनिटे वरच्या टप्प्यात पडणार असतील, तर हिशेब त्याच टप्प्याच्या दराने करणे योग्य ठरेल.

चार झोनचा, म्हणजे भांडी ठेवण्याच्या चार जागांचा, अंगभूत इंडक्शन हॉब पूर्ण क्षमतेने सुमारे ७ किलोवॉट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर ३० अँपिअरच्या आसपास. त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पुरेसा मंजूर भार लागतो. हा भार वीजबिलावर छापलेला असतो. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर इंडक्शन घेण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

ओव्हन : कशासाठी हवा, ते आधी ठरवावे

ज्यांना मुख्यतः शिळे अन्न गरम करायचे आहे, त्यांनी २० लिटरच्या आसपासचा साधा मायक्रोवेव्ह घ्यावा आणि उरलेले पैसे चिमणीसाठी राखावेत. मायक्रोवेव्ह अन्नातील पाण्याला ऊब देतो, त्यामुळे भात-आमटी छान गरम होते, पण पोळी चिवट होते आणि कशालाही खरपूस रंग येत नाही. केक, नानकटाई, पाव, खारी यांची खरी आवड असेल तर ओटीजी हे सर्वांत प्रामाणिक यंत्र आहे: वर आणि खाली तापणाऱ्या कांड्या, तापमानाचे बटण आणि घड्याळ. १६० ते १७० अंशांवर आधी तापवलेल्या ओटीजीत नानकटाईला खालून जी खमंग भाजणी मिळते, ती मायक्रोवेव्हच्या काचेच्या फिरत्या ताटलीवर मिळत नाही. घरी चौकोनी मोठा ट्रे वापरायचा असेल तर किमान ३० लिटरचा ओटीजी पाहावा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह ही दोन्ही कामे करतो. जागा कमी आणि बेकिंग अधूनमधून, अशा घराला तो योग्य आहे. मात्र त्यात कोणत्या पद्धतीला धातूचे भांडे चालते आणि कोणत्या पद्धतीला चालत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगावे लागते.

भिंतीत किंवा कपाटात बसवायचा ओव्हन साधारण ६० सें.मी. रुंद व तितकाच उंच असतो आणि त्यात ६५ ते ७० लिटर जागा मिळते. आठवड्यातून दोनदा तरी बेकिंग होत असेल, तरच हा खर्च सार्थकी लागतो. तो ओट्याखाली न बसवता छातीच्या उंचीवर उभ्या कपाटात बसवावा, कारण तापलेला जड ट्रे वाकून उचलणे कुणाच्याही कमरेला आणि हातांना बरे नसते. ओव्हनच्या मागे व वर हवा खेळण्यासाठी कंपनीने सांगितलेली मोकळी जागा न सोडल्यास कपाटाचा लॅमिनेट सुटू लागतो. ३ किलोवॉटचा ओव्हन १३ अँपिअर घेतो, म्हणून त्याला अर्थिंग असलेले स्वतंत्र १६ अँपिअरचे सॉकेट द्यावे. मिक्सरच्या सॉकेटवर जोडपट्टी लावून ओव्हन चालवण्यास आमचा तंत्रज्ञ नकार देईल, आणि तो योग्यच करेल. पंख्याच्या पद्धतीवर बेक करताना पाककृतीतले तापमान सुमारे २० अंशांनी कमी ठेवावे.

ओटा कापण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर

हॉब प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय ग्रॅनाइट कापू देऊ नये. सारख्याच रुंदीच्या दोन कंपन्यांच्या हॉबचे कापमाप वेगळे असते, आणि मोठे कापलेले भोक पुन्हा लहान करता येत नाही. हॉबसोबत येणारा कागदी साचा दगडावर चिकटवून, भिंतीपासूनचे अंतर आणि खालची ट्रॉली उघडते का हे पाहून मगच खूण करावी. हॉबच्या अगदी खालचा कप्पा उथळ ठेवावा व त्यात प्लास्टिक, तेल किंवा कागद ठेवू नयेत. बर्नर आणि चिमणी यांच्यात साधारण ६५ ते ७५ सें.मी. अंतर ठेवावे; नेमका आकडा चिमणीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

बसवणी झाल्यावर आमचा तंत्रज्ञ प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते आपल्यासमोर तपासतो. काडी पेटवून गळती पाहण्याची पद्धत कुणी सुचवली तर तिला ठाम नकार द्यावा. ज्योत निळी, स्थिर आणि भोकांना धरून राहिली पाहिजे. ती पिवळी पडू लागली किंवा भांड्यांना काजळी धरू लागली, तर बर्नरची भोके साफ करावीत आणि तरीही फरक न पडल्यास आम्हांला कळवावे. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर किंवा पाइपची झडप बंद करून खिडक्या उघडाव्यात. एलपीजीसाठी १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे; पाइपच्या गॅससाठी कंपनीचा क्रमांक आपल्या बिलावर असतो, तो फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून लावावा.