मूळ गावाचा शोध : न्यू इंग्लंडचे वसाहतकरी आणि पॅरिश चर्चच्या वह्या

1630 ते 1640 या काळात सुमारे 20 हजार इंग्रज न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसाहतींत, गेले. त्यांच्या वंशजांना मूळ गाव शोधायचे तर पॅरिश चर्चच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर) वह्या उघडाव्याच लागतात, कारण सरकारी जन्मनोंद इंग्लंडमध्ये 1837 मध्ये सुरू झाली. त्याआधी मुख्य आधार बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तीन नोंदींचा.

वह्या ठेवण्याचा हुकूम 1538 चा. दर रविवारी नोंद, दोन कुलपांची पेटी, कसूर झाल्यास दंड. लोकांना हा नव्या कराचा डाव वाटला आणि बऱ्याच गावांनी टाळाटाळ केली. जिथे नोंद झाली तिथेही ती साध्या कागदावर, कित्येकदा सुट्या पानांवर.

खरी मेख 1598 मध्ये आहे. कागद कुजत होते म्हणून जुना सगळा मजकूर चर्मपत्राच्या वहीत उतरवायचे ठरले. निर्णय योग्यच होता. पण हुकुमात पुस्ती जोडलेली होती : सुरुवातीपासून उतरवा, ‘विशेषतः’ राणीच्या (पहिली एलिझाबेथ) कारकिर्दीच्या पहिल्या वर्षापासून. म्हणजे 1558 पासून. चर्मपत्राचा आणि नकलनविसाचा खर्च गावाच्या माथी. मग अनेक ठिकाणी त्या एका शब्दाच्या आधाराने पहिली 20 वर्षे सोडून दिली गेली आणि मूळ कागद पुढे नाहीसे झाले. हुकूम नसता तर पुढचेही गेले असते, असा युक्तिवाद होतो. तो खराच आहे. तरी ती पुस्ती नसती तर कितीतरी घराण्यांची आणखी एक पिढी आज हाती लागली असती. हे नुकसान टाळता येण्याजोगे होते.

अशी वही पाहताच ओळखू येते. 1558 पासून 40 वर्षे एकच वळण, एकसारखी शाई, पानाच्या तळाशी धर्मगुरू आणि चर्चच्या कारभाऱ्यांच्या सह्या. 1598 च्या सुमारास अक्षर एकदम बदलते. म्हणून 1590 मध्ये जन्मलेल्या वसाहतकऱ्याची नोंद दिसली तरी ती बहुधा नक्कल असते. गाळलेली ओळ, चुकलेले वर्ष, बापाच्या जागी काका, हे सगळे त्यात संभवते. त्याच हुकुमाने दरवर्षीच्या नोंदींची प्रत बिशपकडे पाठवणे सक्तीचे झाले. ती प्रत उरली असेल तर वहीशी ताडून पाहावीच. एकीत नसलेले नाव दुसरीत सापडते. इंग्लंडमधल्या यादवी युद्धात ही शिस्त मोडली. 1653 ते 1660 या काळात नोंदणी गावाने निवडलेल्या माणसाकडे होती, आणि तेव्हा बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिहायची होती.

तारखांचा घोळ मराठी वाचकाला चटकन कळेल. शकाचे वर्ष पाडव्याला बदलते, तसे इंग्लंडमध्ये 1751 पर्यंत ते 25 मार्चला बदलत असे. वहीतला फेब्रुवारी 1634 म्हणजे आपला 1635. तो 1634/35 असा लिहावा. प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या) वसाहतीत महिन्यांना आकडे होते आणि ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. हे विसरले की मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मलेले दिसते.

शोध वसाहतीकडून सुरू करावा. सहप्रवासी, शेजारी, मृत्युपत्रातले साक्षीदार यांची गावे आधी काढावीत, कारण माणसे गटाने जात. नॉरफोकमधल्या हिंगमच्या लोकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वस्तीला आपल्याच गावाचे नाव दिले; 1637 मध्ये वसाहतीत गेलेले अब्राहम लिंकन यांचे पूर्वजही नॉरफोकमधल्या याच हिंगमचे. मग पाच-दहा मैलांतल्या सगळ्या पॅरिश तपासाव्यात. जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे नाव बहुधा नसते, ‘जॉन, विल्यमचा मुलगा’ एवढेच, आणि असे जॉन शेजारच्या तीन गावांत मिळतात. जुळणारे नाव मिळाले की त्याच गावच्या दफनाच्या वहीत पुढची 15-20 वर्षे पाहावीत. लहानपणीच वारलेल्या मुलाला वसाहतीतला मूळपुरुष ठरवणे ही नेहमीची चूक आहे. भावंडांची नावे, आणि मागे राहिलेल्या बापाच्या मृत्युपत्रात ‘न्यू इंग्लंडमधला मुलगा’ असा उल्लेख, यांपैकी काहीतरी हाती येईपर्यंत नाते पक्के धरू नये.

1978 च्या कायद्यानंतर जुन्या वह्या बहुतेक करून काउंटीच्या अभिलेखागारात गेल्या. पुष्कळ वह्यांची छायाचित्रे आता घरबसल्या दिसतात. लोक मात्र नावांच्या सूचीवरच थांबतात. सूची म्हणजे नकलेची नक्कल. पानाचे छायाचित्र उघडून आधीच्या आणि नंतरच्या ओळींसह नोंद वाचावी.