शरणपूर (नाशिक)

शरणपूर : नाशिक शहराच्या पश्चिम भागातील जुनी ख्रिस्ती वस्ती. चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) संस्थेने नाशिकात १८३२ च्या सुमारास काम सुरू केले. वस्ती या संस्थेचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवली. तिचे स्थापनावर्ष सामान्यतः १८५४ धरतात. घरे व कारखाना मात्र पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने उभे राहिले असावेत. बाप्तिस्मा घेतल्यामुळे घरादाराला व जातीला मुकलेल्यांना आसरा आणि हाताला काम देणे हा मूळ हेतू होता.

१८६० च्या सुमारास गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले येथे आणली गेली. त्यांना सुतारकाम, लोहारकाम व लिहिणे-वाचणे शिकवीत. १८६५ मध्ये आफ्रिकेचे स्कॉटिश संशोधक व मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या अखेरच्या प्रवासासाठी त्यांच्यातून सोबती निवडले. या ‘नाशिकच्या मुलां’मध्ये नेमके कोण, याबाबत लेखनात बराच गोंधळ आढळतो. लिव्हिंग्स्टन यांचे आफ्रिकी सोबती चुमा व सुसी यांची नावे त्यांत सर्रास घातली जातात. तथापि चुमा हा मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. विल्सन फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, म्हणजे प्रेसबिटेरियन (बिशप नसलेल्या प्रॉटेस्टंट पंथाचे). चुमाचा बाप्तिस्माही त्यांच्याच हातून झाला. सुसी झांबेझीकाठच्या शुपांगाचा. त्याचा शरणपूरशी संबंध जोडण्यास आधार नाही. नाशिकच्या धर्मकार्याचे मूळ प्रेसबिटेरियन मानण्याकडे काहींचा कल दिसतो, त्यामागे चुमाविषयीची ही गल्लत असू शकेल. शरणपूरची मंडळी (ख्रिस्ती समुदाय) आरंभापासून अँग्लिकन होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जेकब वेनराइट मात्र निःसंशय ‘नाशिकच्या मुलां’पैकी. तो १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्याकडे पाठवलेल्या तुकडीतून गेला. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन यांच्या निधनानंतर त्यांचे हृदय आफ्रिकेतील चितांबोच्या गावी झाडाखाली पुरले, तेव्हा प्रार्थना त्याने वाचली आणि झाडाच्या खोडावर लेखही त्यानेच कोरला. उन्हात वाळवलेला देह झाडाच्या सालीत व शिडाच्या कापडात गुंडाळून सोबत्यांनी किनाऱ्यापर्यंत वाहून नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीचे मानकरी म्हणून चाललेल्यांत जेकब होता. शरणपुरात घडलेल्या या तरुणाचे नाव नाशिककरांना आजही फारसे परिचित नाही, ही खेदाची गोष्ट होय.

प्राइस १८७४ मध्ये पूर्व आफ्रिकेस गेले. मोंबासाजवळ मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने फ्रिअरटाउन वसले व शरणपूरचे अनेक आफ्रिकी तेथे स्थायिक झाले. त्यानंतर येथील मंडळी प्रामुख्याने मराठी भाषकांची राहिली.

नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत (बिशपच्या देखरेखीखालील विभाग) १९२९ मध्ये झाला. फिलिप लॉइड हे पहिले बिशप. प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल (स्थानिक मंडळी स्वायत्त मानणाऱ्या) मंडळ्यांचे उत्तर भारतातील संयुक्त चर्च १९२४ पासून वेगळे होते. त्यात कारभार बिशपऐवजी वडिलांच्या (एल्डर, म्हणजे मंडळीतील ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांच्या) सभांकडे असे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होऊन हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. बिशपपद कायम राहिले आणि वडिलांचा सहभागही स्वीकारला गेला.