शिकारभूमीचा ऱ्हास (अमेरिका)

शिकारभूमीचा ऱ्हास : पिढ्यान्‌पिढ्या शिकार चालत आलेली शेते, राने व दलदली घरबांधणीखाली जाणे, किंवा शेजारी घरे आल्यामुळे तेथे शिकारीस मनाई होणे. शेतजमीन वसाहतींखाली जाणे जगात नवे नाही. पण त्यात शिकाऱ्याची जागा जाते, हा वेगळा सार्वजनिक प्रश्न म्हणून मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुढे आला. त्याचे मूळ तेथील कायद्यात आहे. रानातले जनावर कोणा एकाच्या मालकीचे नसून राज्याने ते जनतेच्या वतीने सांभाळायचे, हे तत्त्व तेथे रुजलेले आहे. जमीन मात्र बहुतांशी खाजगी. हरीण सर्वांचे, पण ते ज्या शेतात चरते ते शेत एकाचे, अशी ही व्यवस्था असून मालकाने आडकाठी केली नाही तोवरच ती सुरळीत चालते.

इंग्लंडात शिकार हा जमीनदारांचा मान होता. अमेरिकेतील वसाहतकऱ्यांनी तो मानला नाही. पेनसिल्व्हेनिया (१७७६) व व्हरमाँट (१७७७) यांच्या राज्यघटनांनी स्वतःच्याच नव्हे, तर कुंपण नसलेल्या दुसऱ्याच्या जमिनीवरही हंगामात शिकार करण्याची मोकळीक दिली. मनाईची पाटी नसेल तर रानात जाता येते, हा मेनसारख्या राज्यांतला रिवाज याच परंपरेतला आहे. ज्यांच्या रानांवर ही मोकळीक मिळाली त्या मूळ रहिवाशांची शिकारभूमी आधीच हिरावली गेली होती, हे मात्र शिकाऱ्यांच्या गाऱ्हाण्यात क्वचितच येते. क्रो जमातीशी १८६८ साली झालेल्या तहात शिकारीचा हक्क राखला गेला तो सरकारच्या वस्ती नसलेल्या जमिनींपुरता. वस्ती झाली की हक्क संपला, अशी ती अट होती. वायोमिंग राज्य स्थापन झाल्याने हा हक्क आपोआप संपत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. अट कायम राहिली.

प्रश्नाची तीव्रता सर्वत्र सारखी नाही. संघ सरकारकडे सु. ६४ कोटी एकर, म्हणजे देशाच्या सु. २८ टक्के जमीन आहे. पण ती मुख्यतः पश्चिमेत. नेव्हाडात सु. ८० टक्के जमीन सरकारी, तर टेक्सासात ९५ टक्क्यांहून अधिक खाजगी. त्यामुळे पूर्व, दक्षिण व मध्यपश्चिम भागांतील शिकारी शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. ही मर्जी बहुधा तोंडी असते. शिकारी उन्हाळ्यात गवताचे भारे उचलू लागतो, कुंपण दुरुस्त करून देतो, हंगामात मांसाचा वाटा पोहोचवतो आणि त्या बदल्यात मागच्या रानात मचाण बांधतो. कागद कुठेच नसतो. म्हातारा शेतकरी वारला, मुले शहरात स्थायिक झालेली असली, की जमीन विकसकाकडे जाते. शिकाऱ्याला बहुधा कोणी कळवत नाही. हंगामाआधी मचाणीच्या फळ्या बदलायला तो जातो, तेव्हा बांधावर मोजणीच्या खुंट्या आणि ओढ्याकाठच्या ओकला बांधलेली नारिंगी फीत त्याला दिसते.

जंगल कंपन्यांच्या जमिनींचेही असेच झाले. दक्षिणेतील असंख्य शिकार मंडळे या कंपन्यांची राने वर्षाच्या पट्ट्याने घेत असत. विसाव्या शतकाच्या अखेरीस कागद व लाकूड कंपन्यांनी जमिनी गुंतवणूक संस्थांना विकण्याचा सपाटा लावला. इंटरनॅशनल पेपर या एकाच कंपनीने २००६ साली ५० लाख एकरांहून अधिक रान विकायला काढले. नवे मालक लाकडाबरोबर जागेचाही भाव बघतात. तळ्याकाठची किंवा महामार्गालगतची पट्टी वेगळी काढून तिचे प्लॉट पाडणे त्यांना परवडते.

घराखाली जाणारी जमीन हा या ऱ्हासाचा लहान भाग आहे. खरे नुकसान घराभोवतीच्या मनाईच्या वर्तुळात आहे. न्यूयॉर्क, मॅसॅचुसेट्स व कनेटिकट या राज्यांत राहत्या घरापासून ५०० फुटांच्या आत बंदूक झाडता येत नाही. न्यू जर्सीत ही मर्यादा ४५० फूट, पेनसिल्व्हेनियात १५० यार्ड, म्हणजे तेवढीच. ५०० फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सु. १८ एकर भरते. समजा, १६० एकरांच्या शेताचे दहा दहा एकरांचे १६ चौरस प्लॉट पाडले आणि प्रत्येकाच्या मधोमध एक घर उभे राहिले. प्लॉटच्या मध्यापासून त्याचा कोपरा सु. ४६७ फुटांवर येतो. याचा अर्थ, त्या १६० एकरांत कायद्याने बार काढता येईल असा एक कोपराही उरत नाही. घरे, अंगणे व रस्ते धरूनही बांधकाम थोड्याच जागेवर असते. नकाशावर सगळे हिरवेच दिसते. घरमालकाची संमती असल्यास बहुतेक ठिकाणी सूट मिळते खरी, पण १६ शेजाऱ्यांची संमती मिळवणारा शिकारी विरळा. शहराजवळची वसाहत शेत एकदम गिळते. दूरवर विखुरलेली मोठ्या प्लॉटची घरे शिकारीच्या दृष्टीने त्याहून वाईट, कारण दर घरामागे ती अधिक रान बंद करतात.

धनुष्याला ही मर्यादा पुष्कळ कमी आहे. न्यूयॉर्क व न्यू जर्सीत ती १५० फूट, म्हणजे घरामागे अवघे दीड एकर आणि वर थोडे. उपनगरी भागांत बंदूकवाले धनुष्याकडे वळले, यामागे हौसेइतकेच हे गणित आहे. मात्र बाण लागलेले हरीण जागीच पडत नाही. नेम चांगला बसला तरी ते शंभर यार्ड धावू शकते आणि मग शेजाऱ्याच्या झोपाळ्याखाली किंवा वाहनतळाजवळ जाऊन पडते. तेथून ते काढायला त्या घराची परवानगी लागते. बेल वाजवून, टोपी काढून, रक्ताचा माग कुठवर आला आहे हे एका अनोळखी गृहिणीला समजावून सांगणे हा अशा शिकारीचा नेहमीचा भाग झाला आहे.

कुत्र्यांच्या साह्याने होणाऱ्या शिकारीला यातून वाट नाही. व्हर्जिनियात शिकारी कुत्री हरणामागे मैल-मैल धावतात आणि त्यांना सात-बारा कळत नाही. पाटी लावलेल्या जमिनीवर शिरलेले कुत्रे बंदूक न घेता जाऊन परत आणण्याची मुभा तेथील कायदा देतो. शिकाऱ्यांना ती परंपरा वाटते, नव्या रहिवाशांना घुसखोरी. मोठी सलग राने तुटत गेल्यावर हा तंटा वाढणारच होता.

जनावरे जातात का, याचे उत्तर जातीनुसार बदलते. बॉबव्हाइटसारखे झुडपी माळरानावरचे पक्षी घरे आली की नाहीसे होतात. पाणथळ भरून काढली की बदकेही जातात. पश्चिमेकडे डोंगर सरकारी व सुरक्षित असले, तरी एल्क व म्यूल हरणे हिमवर्षावात खाली दऱ्यांत उतरतात. त्या दऱ्या खाजगी असून कोलोरॅडो व माँटॅनात नवी घरे नेमकी तेथेच उठली आहेत. वरची लाखो एकर शिकारभूमी खालच्या काही हजार एकरांवर जगत असते, हे घर घेणाऱ्याला माहीत असण्याचे कारण नाही.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे उलटे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी देशात सु. पाच लाख उरलेली ही हरणे आज सु. तीन कोटी असल्याचा अंदाज आहे. रानाची कड, खत घातलेली हिरवळ, कोवळी बागेतली झाडे आणि गोळीची भीती नाही, म्हणजे वसाहत त्यांना मानवतेच. घरे आली की हरीण राहते, फक्त शिकारी जातो. पुढचा खर्च नगरपालिकेवर पडतो. वाहनांना धडका बसतात, बागा उजाड होतात. शिवाय १९७० च्या दशकात कनेटिकटातील लाइम गावाच्या परिसरात ओळखला गेलेला लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिड्या हरणांच्या अंगावर पोसल्या जातात. मग व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटी पात्रता तपासून धनुर्धाऱ्यांना उद्यानांत सोडते. न्यूयॉर्क शहरात शिकारच बेकायदा असल्याने स्टेटन आयलंडवर २०१६ पासून नर हरणांची नसबंदी हाती घेण्यात आली. काही गावे पगारी नेमबाज आणतात. शिकारी हेच काम परवान्याचे पैसे भरून करत होता, हा शिकारी संघटनांचा युक्तिवाद बिनतोड नसला तरी झटकून टाकण्याजोगाही नाही.

कारण तेथील वन्यजीव खात्यांचा कारभार शिकाऱ्यांच्या पैशावर उभा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका व दारूगोळ्यावर ११ टक्के कर बसतो आणि तो राज्यांना वन्यजीवांसाठी वाटला जातो. परवान्यांचे उत्पन्न वेगळे. राष्ट्रीय पाहणीनुसार शिकाऱ्यांची संख्या १९९१ मधील १ कोटी ४१ लाखांवरून २०१६ मध्ये १ कोटी १५ लाखांवर आली. या घटीचे सगळे खापर घरबांधणीवर फोडता येणार नाही. शिकारी म्हातारे होत आहेत, पोरे शहरात वाढत आहेत. तरीही जाण्याजोगी जागा उरली नाही, ही तक्रार या चर्चेत पुन्हा पुन्हा पुढे येते. पट्ट्याचे दर परवडणारा शिकारी टिकतो, शेजारच्या शेतात बापाबरोबर ससे मारायला जाणारा मुलगा टिकत नाही.

उपायांपैकी पाट्या व खटले यांनी फारसे साधलेले नाही. टेक्सासात १९९७ पासून झाडावरचा जांभळा पट्टाही ‘प्रवेश बंद’ मानला जातो, इतकेच. पैशाने साधते ते अधिक. न्यू हॅम्पशरमध्ये मोकळ्या जमिनीवर घराच्या भावाने नव्हे तर चालू वापरानुसार कर आकारतात आणि मालकाने ती वर्षभर लोकांना शिकार, मासेमारी, पायी भटकंती यांसाठी खुली ठेवली तर आकारणीत आणखी २० टक्के सूट देतात. माँटॅना, कॅन्ससमध्ये राज्य शेतकऱ्याला मोबदला देऊन त्याचे शेत हंगामापुरते खुले करून घेते. हे करार मुदतीचे असतात आणि विकसकाने चांगला भाव दिला की मुदतीनंतर संपतात. टिकाऊ उपाय म्हणजे बांधकामाचा हक्कच विकत घेऊन जमीन मूळ मालकाकडे ठेवणे. कॅलिफोर्नियातील सुइसून दलदल सॅन फ्रान्सिस्को व सॅक्रामेंटोच्या मध्ये असूनही घरांखाली गेली नाही. बदकांची शिकार करणाऱ्या दीडशेच्या आसपास मंडळांनी ती धरून ठेवली होती आणि १९७७ च्या खास कायद्याने तिला संरक्षण मिळाले. मेनमध्ये मूसहेड सरोवराभोवती ९७५ घरांचे प्लॉट व दोन विश्रामस्थळे यांची योजना २००९ साली मंजूर झाली, तेव्हा बदल्यात सु. ३,६३,००० एकर रानावर बांधकामबंदीचा कायमचा करार करून घेण्यात आला. पुढे मालकी बदलली आणि योजना मागे घेण्यात आली. त्यातले एकही घर झाले नाही. रानावरचा करार मात्र कायम आहे.